'नॉर्मंडी' आगीत गेली की पाण्यात?

नमस्कार! एका मोठ्या परातीत दोन बोटं पाणी घ्या आणि ती उचलून चार पावलं चाला. परात जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी कलते. फ्रान्सचं 'नॉर्मंडी' हे जहाज असंच आडवं झालं.

आधी जहाज बघू. लांबी सुमारे 313 मीटर. सांगाडा आखला व्लादिमिर युर्केविच या रशियन इंजिनिअरनं. वाफेच्या टर्बाइनवर वीज तयार व्हायची आणि त्या विजेवर चार मोटरी चालायच्या, एकेक 40,000 अश्वशक्तीची. 1935च्या पहिल्याच फेरीत अटलांटिक ओलांडण्याचा विक्रम झाला. पण मागचा भाग इतका थरथरायचा, की पुढच्या हिवाळ्यात तीन पात्यांचे पंखे काढून चार पात्यांचे बसवावे लागले. आणि हो, तिसरं धुराडं नुसतं शोभेचं!

खऱ्या धुराड्यांच्या नळ्या मधून न नेता दुभागून दोन्ही कडांनी वर नेल्या होत्या. त्यामुळे मधोमध भलीमोठी मोकळी दालनं मिळाली. हे लक्षात ठेवा.

9 फेब्रुवारी 1942, न्यूयॉर्क, धक्का क्रमांक 88. अमेरिकेनं जहाज ताब्यात घेतलेलं, नाव बदलून 'लाफायेत' ठेवलेलं, आणि त्याचं सैन्यवाहू जहाज करण्याची घाई चाललेली. मुख्य दालनात गॅस कटरनं दिव्याचा खांब कापताना ठिणगी उडाली, ती शेजारी रचलेल्या लाइफ जॅकेटांवर. आत सावरीचा कापूस, मग काय! जहाजाची स्वतःची अग्निशमन यंत्रणा बंद होती. शहराच्या बंबांचे पाइप फ्रेंच जोडांना बसेनात.

मग धक्क्यावरून बंबांनी आणि नदीतून बोटींनी पाण्याचा मारा केला. आग आटोक्यात आली. पाणी मात्र वरच्या डेकांवर साचलं. एक तर एवढं वजन उंचावर, त्यात ते मोकळं हलणारं. जहाजवाले याला 'फ्री सरफेस' म्हणतात. गणित क्रूर आहे: लांबी तीच ठेवून मोकळ्या पाण्याची रुंदी दुप्पट केली, तर परिणाम आठपट होतो. म्हणून तर टाक्यांमध्ये उभे पडदे घालतात. इथे होती ती ऐसपैस दालनं.

युर्केविच धक्क्यावर हजर होते. त्यांचा उपाय साधा होता: तळाच्या झडपा उघडा, खालचे कप्पे भरा, जहाज सरळ तळावर टेकू द्या. धक्क्याला पाणी फार खोल नव्हतंच. अधिकाऱ्यांनी नाही म्हटलं. माझ्या मते त्या दिवसाची सर्वांत महागडी चूक हीच, ठिणगी नव्हे. पहाटे पावणेतीनला जहाज डाव्या कुशीवर आडवं झालं.

पुढे वरचे मजले कापून, कप्प्याकप्प्यातलं पाणी उपसत 1943मध्ये ते सरळ केलं. दुरुस्ती परवडेना, म्हणून ते 1,61,680 डॉलरला भंगारात गेलं. त्याच्या भोजनगृहाच्या दारांवरची नक्षीदार पदकं आज ब्रुकलिनच्या 'अवर लेडी ऑफ लेबनॉन' चर्चच्या दारांवर आहेत.