आपियनचं पत्र आणि पौलाची पत्रं

श्रोतेहो, नमस्कार.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात आपियन नावाचा इजिप्तमधला तरुण रोमच्या आरमारात भरती झाला. इटलीतल्या मिसेनम बंदरात पोचल्यावर त्याने वडिलांना पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेल्या कागदावर, ग्रीक भाषेत पत्र पाठवलं. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग तब्येतीची शुभेच्छा. त्यापाठोपाठ सेरापिस देवाचे आभार, कारण भर समुद्रात जिवावर बेतलं असताना त्याने वाचवलं. मग खरी बातमी: प्रवासखर्चाला तीन सोन्याची नाणी मिळाली, नवं रोमन नाव मिळालं, माझं चित्रही पाठवतोय. शेवटी ओळखीच्या सगळ्यांना नमस्कार.

आता ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक संत पौल याची बायबलमधली पत्रं वाचा. ती आपियनच्या आधीची, पहिल्या शतकातली, पण घडण तीच. आपल्या 'साष्टांग नमस्कार, विनंती विशेष'सारखीच ती ठरून गेलेली होती. फिलेमोन नावाच्या ओळखीच्या माणसाला तर पौल 'माझ्यासाठी खोली तयार ठेव' असंही कळवतो. रोमकरांना, म्हणजे रोममधल्या ख्रिस्ती लोकांना, पाठवलेलं पत्र लिहून घेणारा लेखनिक तर्तियस शेवटी-शेवटी हळूच स्वतःचाही नमस्कार घुसवतो. मला हा तर्तियस फार आवडतो!

लांबी मात्र वेगळी. घरगुती पत्रं बहुधा एका पानात आटपत. फिलेमोनचं पत्र मूळ ग्रीकमध्ये सुमारे ३३५ शब्दांचं, रोमकरांचं सात हजारांच्या वर! कारण ते जमलेल्या मंडळीपुढे मोठ्याने वाचायचं होतं. 'हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा,' अशी शपथच पौल थेस्सलनीकाकरांना घालतो.

आणि गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेलं पत्र? तिथे तो संतापलेला आहे. पत्र ऐकणारे नमस्कारानंतर आभाराची वाट पाहत असणार. आभार नाहीतच. 'तुम्ही इतक्या लवकर फिरलात, याचं मला आश्चर्य वाटतं,' असा थेट घाव. नेहमीची ओळ गाळूनच त्याने अर्धं बोलून टाकलं, असं मी म्हणेन.

त्या काळी मजकूर लेखनिकाच्या हातचा असला, तरी शेवटच्या ओळी पाठवणारा अनेकदा स्वतः लिही. पपायरसवर हा अक्षरबदल आजही दिसतो. पौल गलतीकरांना तो शब्दांत सांगतो: पाहा, किती मोठ्या अक्षरांत मी स्वतःच्या हाताने लिहितोय. ऐकत बसलेल्यांना अक्षर कुठून दिसणार? म्हणूनच सांगावं लागलं असेल.