वार ठरवा, वेळ ठरवा

श्रोतेहो, आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हल्ली गल्लोगल्ली यूट्यूब चॅनेल निघाली आहेत. कुणी राजहंसगडावर ड्रोन उडवतंय, कुणी कुंदा कसा आटवायचा ते दाखवतंय, कुणी कुस्तीची मैदानं टिपतंय. पोरापोरींच्या अंगात कसब आहे, हौस तर उदंड आहे. पण त्या चॅनेलवर जाऊन जरा तारखा बघा. गणपतीत ओळीनं आठ-दहा व्हिडिओ, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे आणखी चार, आणि मधले महिने कोरडे. आज बोलायचंय ते या कोरड्या महिन्यांबद्दल.

माझं म्हणणं एवढंच आहे: वार ठरवा, वेळ ठरवा आणि ती पाळा. रोज काहीतरी टाकत सुटा, असं मी म्हणत नाही. आठवड्याला एक व्हिडिओ पुष्कळ झाला. पण तो कधी येणार, हे बघणाऱ्याला ठाऊक पाहिजे. परत सांगतो, बघणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

आपल्या भागाला हे शिकवायला नको खरं तर. बाबूराव ठाकुरांनी १९१९ साली बेळगावात ‘तरुण भारत’ सुरू केला, तो आजही निघतो. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी ही काय मोठी शहरं नव्हेत, पण तिथं साहित्य संमेलनं भरत आली आहेत आणि गाव त्यासाठी राबतं. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, या संमेलनांतली भाषणं कुणी सबंध रेकॉर्ड करून ठेवत नाही याचं मला फार वाईट वाटतं. ग्रंथदिंडीवर ढोल-ताशाचं संगीत चढवून अर्ध्या मिनिटाचा तुकडा सगळे टाकतात. तासभर जीव ओतून बोललेल्या माणसाचा शब्द मात्र मांडवाबाहेर जात नाही. कुणीतरी हे काम अंगावर घ्या.

असो. मला तुम्हाला एका पोराची गोष्ट सांगायची आहे. त्याचं नाव सांगत नाही. बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावातला. घरी रताळ्याची शेती. आपल्याकडची लाल माती रताळ्याला किती मानवते, ते तुम्हाला सांगायला नको. एपीएमसीचा बाजार बुधवारी आणि शनिवारी. हा वडिलांबरोबर टेम्पोतून यायचा आणि सौदे आटोपले की अडतीच्या कट्ट्यावर उभा राहून मोबाईलवर त्या दिवसाचे भाव सांगायचा. मोठ्या रताळ्याला काय, मध्यमला काय, आवक किती, कुठल्या गावचे ट्रक लागले. तीन-चार मिनिटं, बास. आणि बोलणं आपलं घरचं. ‘आज दर जरा पडलाय बघा की ओ मामा’ असं. कॅमेरा सुरू झाला की आपली काही माणसं एकदम पुण्याची होतात, ते याच्याकडं नाही. मला विचाराल तर सीमाभागातल्या प्रत्येकानं असंच बोलावं. आपली बोली आपणच लपवली तर ती ऐकायची कुठं?

तर हा पोरगा बाजाराच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ टाकायचा. बघणारे मोजकेच. भाऊबंद, गावातले चार शेतकरी, वाटेवरच्या गावांतले आणखी काही. पण बुधवार आला की साडेसात, शनिवार आला की साडेसात.

एका शनिवारी परतीच्या पावसानं झोडपून काढलं. परगावचे ट्रक पोचलेच नाहीत, व्यापाऱ्यांनी हात आखडला आणि सौदेच झाले नाहीत. मित्र म्हणाला, ‘आज भावच निघाला नाही, काय सांगतोस? सोड की आजचा दिवस.’ खरंच, सांगण्यासारखं होतं काय? पण हा भिजलेल्या यार्डात उभा राहिला. मागं पोत्यांवर ताडपत्री ओढलेली, हमाल आडोशाला बसलेले. मोबाईल धरून म्हणाला, ‘मंडळी, आज सौदे झाले नाहीत. माल आला तसा पडून आहे. उद्या रताळी काढायला बायका सांगणार असाल तर थांबा. बुधवारी साडेसातला येतो.’ अर्ध्या मिनिटात संपलं. साडेसातला व्हिडिओ गेला.

बुधवारी खानापूरकडचे एक वयस्क शेतकरी त्याला शोधत यार्डात आले. ओळख ना पाळख. पहिला प्रश्न काय, तर ‘तू साडेसातलाच का रे टाकतोस?’ हा म्हणाला, ‘त्या वेळेला नेट बरं चालतंय, म्हणून.’

मामा म्हणाले, ‘आमच्याकडं कामाला येणारी बाई आठला फोन करती. उद्या येऊ का नको, विचारायला. तुझा भाव बघून मी तिला सांगतो. रताळं मातीत आहे तोवर चार दिवस दम धरतंय, काढलं की धरत नाही. परवा तू काही टाकला नसतास, तर मी या म्हणालो असतो. सगळा वाफा उकरून ठेवला असता त्या पावसात.’

श्रोतेहो, साडेसात आणि आठ यांच्या मधल्या त्या अर्ध्या तासात एका घराचा दुसऱ्या दिवसाचा कारभार ठरत होता, आणि या पोराला त्याचा पत्ता नव्हता. त्यानं वेळ नेटसाठी निवडली होती. मामांनी त्या वेळेवर आपलं शेत लावलं होतं. आता तो लग्नाकार्याला गेला, तर बहीण यार्डात जाते. पण साडेसात चुकत नाही.

आता थोडं पैशाचं. यूट्यूबवर जाहिरातीचं उत्पन्न सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचं बघणं लागतं. नाहीतर मग त्या तासांऐवजी शॉर्ट्सना, म्हणजे छोट्या उभ्या व्हिडिओंना, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज. चार हजार तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एक माणूस चार मिनिटं थांबला असं धरा, तर साठ हजार वेळा कुणीतरी थांबायला हवं. एका गाजलेल्या व्हिडिओनं हे क्वचित होतं. दर आठवड्याला परत येणाऱ्या माणसांनी होतं. आणि सहा महिने काहीच टाकलं नाही, तर सुरू झालेलं उत्पन्नही यूट्यूब बंद करू शकतं.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडं जुलैत वीज कुठं असते? कणकुंबी, जांबोटीकडच्या लोकांचं हे म्हणणं अगदी बरोबर आहे. म्हणून पावसाळ्याआधी घरात जशी पापड-लोणच्याची आणि सरपणाची बेगमी करता, तशी चार-सहा व्हिडिओंची करून ठेवा. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनेल सांभाळायच्या यूट्यूबच्याच ॲपमध्ये, तारीख-वेळ घालून ठेवायची सोय आहे. नेट असेल त्या दिवशी चढवून ठेवा, ठरल्या वेळेला ते आपोआप जातील. बाजारभावासारखं ताजंच सांगायचं असेल, तर ही बेगमी चालणार नाही. पण पाककृती, गड, भजन, शेतातली कामं यांना काही अडचण नाही.

सुटी घ्यायची असेल तर जरूर घ्या. परीक्षा असते, सुगी असते, घरात आजारपण असतं. फक्त आधी सांगा आणि परत कोणत्या तारखेला येणार तेही सांगा.

या आठवड्यात एवढं करा. वार आणि वेळ ठरवून चॅनेलच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहा. ‘दर गुरुवारी रात्री आठ’, एवढंच. आणि चार व्हिडिओ तयार होऊन हातात आल्याशिवाय पहिला सोडू नका.