दोन आठवड्यांची ताई

नमस्कार श्रोतेहो. परीक्षा संपलेली असते, नोकरी सुरू व्हायला अजून अवकाश असतो. मग नेपाळला जाऊन एखाद्या अनाथाश्रमात मुलांना शिकवावं, असं कुणाच्या तरी मनात येतं. युरोप-ऑस्ट्रेलियातून असे स्वयंसेवक कित्येक वर्षं काठमांडूला येताहेत, त्यासाठी एजन्सीला पैसेही मोजताहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण ही मुलं तिथं आली कुठून, तेवढं निघण्याआधी ऐकून घ्या.

2015 च्या भूकंपानंतर युनिसेफनं सांगितलं, की नेपाळमधल्या अनाथाश्रमांतल्या 85 टक्क्यांहून जास्त मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण, हयात आहे. त्या वेळी देशात 75 जिल्हे होते आणि 90 टक्के अनाथाश्रम त्यांतल्या फक्त पाच जिल्ह्यांत: काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन. कास्की म्हणजे पोखरा. चितवन म्हणजे जिथं आपण गेंडे बघायला जातो ते. हलाखी पश्चिमेकडच्या दुर्गम कर्णाली भागातल्या डोंगरात, आणि आश्रम मात्र पर्यटक उतरतात तिथं!

या दोन्हींच्या मधे दलाल असतो. 1996 ते 2006 या काळात नेपाळात माओवाद्यांचं युद्ध चाललं होतं. हुमला हा अगदी वायव्येचा जिल्हा. तिथल्या सिमिकोटला जायचं तर नेपाळगंजहून छोटं विमान, नाहीतर कित्येक दिवसांची पायपीट. गावात धड शाळा नाही, आणि बंडखोर पोराला उचलून नेतील ही धास्ती. अशा वेळी कुणीतरी येऊन म्हणायचा, पोराला काठमांडूच्या बोर्डिंगात घालतो. आईबापांनी गुरं विकली, जमिनी विकल्या, कर्ज काढलं आणि पैसे त्याच्या हातावर ठेवले. मुलगा पोचला तो बालगृहात, आणि कितीकांचे तर आईबाप कागदोपत्री मेलेले दाखवले गेले. युद्ध संपलं तरी धंदा बसला नाही, कारण देणगीदार आणि स्वयंसेवक येतच राहिले. मुलं दुबळी, फाटक्या कपड्यांतली दिसली तर देणगी जास्त मिळते, म्हणून त्यांना मुद्दाम तसंच ठेवल्याची प्रकरणंही उघडकीला आलीत.

आता आत गेल्यावर काय दिसतं ते बघा. दारात चप्पल काढेपर्यंत तीन-चार वर्षांचं पोर धावत येतं, ‘दिदी’ म्हणत कडेवर चढतं, गळा सोडत नाही. दिदीला भरून येतं. मला मात्र ते बघून काळजी वाटते. घरात वाढलेलं या वयाचं मूल परक्या माणसाला बघून आधी आईच्या पदराआड जातं, अंदाज घेतं, मग हळूच बाहेर येतं. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 च्या सुमाराला संस्थांतल्या मुलांचा मोठा अभ्यास सुरू झाला. वाटेल त्या अनोळखी माणसामागे जाणारी मुलं त्यातही दिसली, आणि लहानपणीच कुटुंबात ठेवलेल्या मुलांची वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली. आपली दिदी दोन आठवड्यांनी फोटो काढून निघते. सोमवारी दुसरी येते, तिच्याही गळ्यात तेच हात.

2018 साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना ऑस्ट्रेलियानं अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीचीही दखल घेतली. आपल्याकडे अजून त्याची फारशी चर्चा नाही. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ करून येताना ‘वाटेत एखाद्या आश्रमात खाऊ वाटू’ म्हणणारे आपणच. वाढदिवसाला आश्रमात जेवण घालायची सवय घेऊनच आपण तिथं जातो.

मग जायचंच नाही का? मुलांशी नुसतं खेळायला, नको. पण तुम्ही फिजिओथेरपिस्ट असाल, विशेष शिक्षक असाल, समुपदेशनाचं रीतसर शिक्षण घेतलेलं असेल, तर जे कर्मचारी मुलांजवळ वर्षानुवर्षं राहतात त्यांना शिकवा. भाषा थोडी शिकून घ्या; लिपी आपलीच आहे. पैसे द्यायचे असतील तर मुलांचे आईवडील शोधून त्यांना घरी पोचवणाऱ्या आणि घरी राहून शाळा शिकता यावी म्हणून कुटुंबाला मदत करणाऱ्या संस्थेला द्या. हे काम चिकाटीचं आहे. मुलाला गावाचं नाव आठवत नसतं, कागदावरचं आडनाव बदललेलं असतं, आणि कार्यकर्ता मुलाचा फोटो घेऊन डोंगरातली घरं धुंडाळत असतो.

आणि कुठल्याही आश्रमात जायच्या आधी फोन करून विचारा: उद्या आलो तर चालेल का? ओळखपत्र नाही, पोलीस पडताळणी नाही, नुसतं ‘या ना!’ असं उत्तर आलं, तर तिकीट काढू नका.