कट्ट्याचं घर बदलताना

आधी एक विचारतो. तुमच्या ग्रुपच्या डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, बिल दरवर्षी कोण भरतं? बघा, तिघांनीच हात वर केले, बाकीचे एकमेकांकडे बघतायत. आमचंही अगदी असंच होतं. आमचा ट्रेकवाल्यांचा ऑनलाइन कट्टा 2005 पासूनचा, तेव्हा सगळे पंचविशीतले, आता निम्म्यांचे गुडघे कुरकुरतात. एका जूनमध्ये, म्हणजे ऐन सीझनला, साइट उघडेना. शोधाशोध केली तर डोमेन एका मित्राच्या नावावर, तो कधीच अमेरिकेला गेलेला, नोटिसा त्याच्या जुन्या ऑफिसच्या मेलवर जात होत्या आणि ते ऑफिस त्याने दोनदा बदललेलं. फोन लावला तर म्हणे, "अरे, इतकी वर्षं ते माझ्याच कार्डावर होतं?" त्यालाच माहीत नाही!

डॉट कॉमचं काय असतं, मुदत संपली की लगेच जात नाही, थोडे दिवस सवलतीचे मिळतात, मग 30 दिवस दंड भरून सोडवून घेता येतं, मग पाच दिवस नुसतं लटकतं आणि सुटतं, ज्याला हवं त्याने घ्या. आम्ही दंड भरला. पण त्यानिमित्ताने आत डोकावलं तर सगळंच म्हातारं झालेलं. सॉफ्टवेअर इतकं जुनं की ते डेटाबेसशी ज्या पद्धतीने बोलायचं ती पद्धतच, ते ज्या भाषेत लिहिलेलं त्या पीएचपीच्या 7 व्या व्हर्जनमधून काढून टाकलेली, 2015 साली. होस्टवाला आमच्यासाठी जुनं व्हर्जन चालवत होता, त्यानेही कळवलं की आता बास. म्हणून सगळा कट्टा नव्या सर्व्हरवर हलवायचं ठरलं.

लोकांचं म्हणणं काय, की कशाला हलवायचं, व्हॉट्सॲपवर आहोतच की. आहोत ना. दर जूनला तोच प्रश्न येतो, "हरिश्चंद्रगडाला कुठल्या वाटेने जाऊ", आणि तीच पाच उत्तरं येतात आणि दोन दिवसांत गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली जातात. आमच्या कट्ट्यावर कुणीतरी एप्रिलमध्ये अलंग किल्ल्यावर जाऊन कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्यासारखं आहे ते तारीख घालून लिहिलंय, फोटोसकट. ते परत कुठून आणणार? आणि आपोआप राहील असं समजू नका. याहू ग्रुप्स आठवतंय, मेलवर चालणारे ते कट्टे? ऑक्टोबर 2019 मध्ये जाहीर केलं की जुना मजकूर 14 डिसेंबरला पुसणार, आरडाओरडा झाल्यावर 31 जानेवारीपर्यंत मुदत दिली, आणि 15 डिसेंबर 2020 ला दुकानच बंद. जगभरचे छंदवाले आपापलं गाठोडं बांधून पळत होते. गंमत म्हणजे त्यातले बरेच जण ज्या ग्रुप्स डॉट आयओवर गेले ते काढणारा मार्क फ्लेचर, म्हणजे ज्याचं वनलिस्ट हे असंच मेल-ग्रुपचं दुकान आधी ईग्रुप्स या दुसऱ्या दुकानामध्ये आणि मग ईग्रुप्ससकट 2000 साली याहूच्या पोटात गेलं, तोच माणूस.

असो, आता मराठीची भानगड, कारण इथे सगळे आपटतात. डंप, म्हणजे अख्ख्या डेटाबेसची प्रत, काढला, नव्या सर्व्हरवर चढवला, आणि अठरा वर्षांची मराठी म्हणजे नुसते डोक्यावर टोप्या घातलेले ए आणि येनच्या चिन्हांचं रान. मी तर घामाघूम. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल, त्याचं जुनं व्हर्जन मजकूर बाय डिफॉल्ट लॅटिन-1 मध्ये, म्हणजे युरोपातल्या अक्षरांच्या जुन्या पद्धतीत, ठेवायचं, त्यातही शब्द लावायचा क्रम स्वीडिश भाषेचा, कारण कंपनी स्वीडनची! आपलं एक अक्षर यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइट घेतं, ते त्याने तीन वेगळी अक्षरं समजून ठेवलेले असतात, आणि डंप काढताना तुम्ही "युनिकोडमध्ये दे" म्हणालात की त्या तिघांचं तो परत युनिकोड करतो. डबल रंग. उपाय सोपा आहे पण सुचायला आम्हाला दोन रविवार लागले, डंप लॅटिन-1 म्हणूनच काढायचा, मग फाइलमध्ये लॅटिन-1 हे नाव बदलून यूटीएफ-8 एमबी-4, म्हणजे चार बाइटांची अक्षरंही बसणारं, असं करायचं आणि चढवायचं. एमबी-4 च हवं हं, नुसत्या जुन्या यूटीएफ-8 मध्ये इमोजी बसत नाही. आमच्याकडे काही जुन्या पोस्टी "फोटो मस्त" पाशीच तुटल्यात, पुढे अंगठा असणार, त्या अंगठ्यापासून पुढचं सगळं लिहितानाच गेलं, ते काही परत आलं नाही.

पण खरं सांगू का, मशीनचं काम तीन आठवड्यांत झालं, माणसांचं अजून चालूय. पासवर्ड रिसेटचे मेल पाठवले तर ढीगभर परत आले, कॉलेजचे आयडी, जुन्या कंपन्यांचे आयडी, कुणाचं रेडिफमेल उघडतच नाही. मग वहीत नावं लिहून फोन करत बसलो. एक काका, बहात्तरीचे, त्यांना चाळीस मिनिटं फोनवर धरून आत घेतलं, आणि आत आल्याबरोबर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर रतनगडाच्या एका जुन्या लेखात मी खुट्ट्याचं, म्हणजे तिथल्या सुळक्याचं, नाव चुकवलं होतं ते दुरुस्त केलं.

दोघं आता नाहीत. त्यांची खाती आम्ही बंद केली, रिसेटही बंद, पण लिहिलेलं त्यांच्याच नावाने तसंच ठेवलं. यावर आमच्यात भांडण झालं, कुणी म्हणालं नावापुढे "कै." लावू. मी नको म्हणालो. 2009 च्या पोस्टीत तो माणूस जिवंत होता ना, उद्या सकाळी सहाला शिवाजीनगरला भेटू म्हणत होता.

जुना सर्व्हर नुसता वाचायला तीन महिने ठेवायचा असं ठरलं होतं. आता सातवा महिना आहे, बिल मीच भरतोय. हां, बोला, मागे कुणीतरी हात वर केलाय.