भाकरी खांद्यानं थापतात
(लातूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'उच्चभ्रू घरांतील पाकगृहाचे नवे प्रवाह'. विषय माझा, शब्द संयोजकांचे. मी सैपाकघरं आखून देणारा माणूस, आपलं सैपाकघरच म्हणणार. पुढच्या रांगेत माझे जुने ग्राहक बसलेत, त्यामुळे खर्चाचे आकडे आज निघणार नाहीत.

प्रवाहांकडे येतोच. त्याआधी एक घर सांगतो. इथलंच, औसा रोडवरचं. मालक क्लासवाले. लातुरात बंगला म्हणजे डॉक्टरचा नाहीतर क्लासवाल्याचा, तिसरा मला अजून भेटायचाय. जुना कडप्प्याचा ओटा, शहाबादी फरशी, सगळं उखडलं. मधोमध आयलंड, म्हणजे चारी बाजूंनी मोकळा ओटा घातला, वर पांढराशुभ्र क्वार्ट्झ, शटरांना हँडल नाही, ड्रॉवर असे बंद होणार की मांजरालाही कळू नये. ओटा घेतला ३६ इंच. का? खाली डिशवॉशर बसावा म्हणून, आणि मालक सहा फुटी, त्यांना शोभावा म्हणून. मालक घरात चहासुद्धा करत नाहीत, हे विचारायचं मी विसरलो. हसू नका, तुमच्यापैकी कितीजण करतात?

वास्तुशांतीनंतर आठवड्यानं बिजागऱ्या तपासायला गेलो. सैपाकघरात कुणी नाही. आयलंडवर भाचीच्या लग्नपत्रिकांचे गठ्ठे आणि मेणाची सफरचंदं. पण कुठूनतरी थाप-थाप ऐकू येतंय. आवाजाच्या मागं गेलो, तर मागं धुण्याच्या जागेत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, मालकांच्या आई पाटावर बसलेल्या. समोर शेगडी, काठवट, ज्वारीचं पीठ. भाकऱ्या थापायल्या होत्या.

मी म्हणालो, "आई, हे काय? आत एवढं केलंय की."

त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "लेकरा, तुझा वट्टा माझ्या छातीला लागायलाय. भाकर काय नुसत्या हातानं थापतेत व्हय? खांद्यानं थापतेत."

मग एक भाकर माझ्या हातावर ठेवली, वर शेंगदाण्याची चटणी. बिल थकलेलं होतं, तरी मी खाल्ली. खाताना लक्षात आलं की या घराची मापं घेताना मी भिंती मोजल्या, फ्रीज मोजला, मालक मोजले. या बाई साडेचार फुटांच्या जरा वर, आणि सैपाक त्यांचाच. त्यांना मी एक शब्द विचारला नव्हता.

आता हा दोष माझा एकट्याचा नाही, हे सांगायला मला फार आवडतं. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची आजी म्हणजे १९२६ सालचं फ्रँकफर्ट किचन. मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी ते आखलं. रेल्वेच्या डब्यातल्या सैपाकघरावरून धडा घेतला, बाईची एकेक हालचाल घड्याळ लावून मोजली. जवळपास दहा हजार घरांत तसं सैपाकघर बसलं. आणि पुढं त्यांनी स्वतःच सांगितलं की ते आखेपर्यंत आपण कधी सैपाक केलाच नव्हता! तरी त्या बाईंनी एक गोष्ट ठेवली होती. फिरतं स्टूल. बसून काम करता यावं म्हणून. आपण त्यांची कपाटं घेतली आणि स्टूल तिकडंच सोडलं.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. ओटा कॅटलॉगच्या मापानं करू नका, सैपाक करणाऱ्याच्या कोपरानं करा. उभं राहून कोपर काटकोनात दुमडा. चिरायला ओटा त्याच्याखाली साधारण चार इंच. मळायला-थापायला आणखी चार-पाच इंच खाली, कारण तिथं वरून भार द्यावा लागतो. एकाच ओट्याला दोन उंच्या द्या, काही बिघडत नाही. क्लासवाल्यांच्या घरी नंतर मी आयलंडचं एक टोक कापून २८ इंचांवर आणलं. कटरवाला दिवसभर मला शिव्या देत होता.

चिठ्ठी आली. सात मिनिटं. अजून एकही प्रवाह सांगितलेला नाही, तेव्हा पळतो.

सध्या मोठ्या घरांत दोन सैपाकघरं करतात. पुढं दाखवायचं, मागं फोडणीचं. याला नवं म्हणतात. परसातली चूल आपण विसरलो असू, तर नवंच. फक्त मागच्या खोलीला खिडकी द्या, तिथं माणूस राबणार आहे.

चिमणी घ्याल तर नळी बाहेर काढलेली घ्या, वळणं कमी ठेवा. दर वळणाला ओढ कमी होते. येसराचा मसाला भाजल्यावर बिननळीच्या चिमणीतली नुसती जाळी आणि कोळसा काय करणार?

क्वार्ट्झ म्हणजे सुमारे ९० टक्के दगडाचा चुरा, बाकी राळ. तवा टेकला की डाग. औसा रोडवर त्या डागावर आता क्रोशाचा रुमाल आहे. आणि क्वार्ट्झ कापताना उडणारी धूळ कारागिराच्या फुफ्फुसात जाते. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून अशा क्वार्ट्झवर बंदी घातली. कापायचाच तर पाणी मारत कापा. सिंटर्ड स्टोनला, म्हणजे दाबून भट्टीत भाजलेल्या कृत्रिम दगडाला, तव्याची भीती नाही, पण त्याची कड टवका देते.

उंच पुलआउट कपाटात पास्त्याच्या बरण्या छान बसतात. वर्षाच्या ज्वारीचं काय? धान्य साठवायचं बळद बुजवून झालं, आता पोती गॅलरीत.

गॅसच्या वर पातेलं भरायला वेगळा नळ, पॉट फिलर. २०१६ साली या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पुढं मी बोलत नाही.

आणि ते काळे मॅट नळ. बोअरच्या पाण्यानं महिन्यात क्षारांनी पांढरे पडतात. ज्यांनी बसवलेत त्यांनी शेजारी मऊ फडकं ठेवा, दर वापरानंतर पुसा. पुढच्या रांगेतून विचारतायत, माझ्या घरी कोणते आहेत? काळेच.