रन म्हणजे नुसतं पळणं नाही, या शब्दाला 645 अर्थ आहेत

नमस्कार मंडळी, सोलापूरहून बोलतोय. आज एकच शब्द घेणारे, रन. आपण मराठी मीडियमवाले शाळेत 'रन म्हणजे पळणे' पाठ करतो आणि तिथंच थांबतो, मग पुढं इंटरव्ह्यूला कुणी विचारलं 'हू रन्स द शॉप?' की डोक्यात पळणंच येतं आणि गाडी अडते. मला हे लई खटकतं, कारण पोरं हुशार असतात, फक्त अर्थ एकच शिकवलेला असतो.

आधी हा शब्द किती मोठाय ते बघा. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या आवृत्तीत सगळ्यात जास्त अर्थ 'सेट'ला होते, 430. नंतर नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर नावाचे संपादक जवळपास नऊ महिने एकट्या 'रन'वर बसले आणि नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ निघाले! आता एवढे पाठ कोण करणार, इंग्रज पण करत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, रन दिसला की पळणे बाजूला ठेवा आणि आधी 'चालणे' लावून बघा. आपल्याकडं पूर्व भागात लूम चालतो ना, द लूम इज रनिंग. दुकान चालवतो, रन अ शॉप. घर चालवणं, संस्था चालवणं, कंप्युटरवर प्रोग्राम चालवणं, सगळीकडं रन. पिक्चर थेटरात पंचवीस आठवडे चालला, इट रॅन फॉर ट्वेंटी-फाइव्ह वीक्स. इट रन्स इन द फॅमिली म्हणजे काय तर घराण्यात चालत आलंय, बघा तिथं पण चालणंच आलं की! म्हणजे इंग्रजीत जे पळतंय ते मराठीत चालतंय, आणि हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

चालणे बसलं नाही तर 'वाहणे' लावा. भीमा नदी वाहते, नाक वाहतंय, दोन्हीकडं रन. आता नवी चादर पहिल्यांदा बादलीत भिजवली आणि लाल रंग सुटून पांढऱ्या पट्ट्यात उतरला, तर आपण म्हणतो रंग गेला, इंग्रजीत म्हणतात द कलर रॅन. रंग पाण्याबरोबर वाहिला, म्हणून रन. पुस्तकापेक्षा बादलीत हा अर्थ पटकन कळतो.

पुढं छोटा शब्द लागला की सगळं फिरतं, इथं जरा लक्ष द्या. पार्क मैदानावर रन आउट म्हणजे बॅट्समन गेला, पण वी हॅव रन आउट ऑफ मिल्क म्हणजे घरातलं दूध संपलं. नवी पेठेत अचानक जुने सर भेटले तर आय रॅन इन्टू माय सर, आणि गाडी खांबाला धडकली तरी रॅन इन्टू. रन ओव्हर मात्र जपून वापरा, माणसाबद्दल बोलताना त्याचा अर्थ गाडीखाली येणं असा होतो.

एक प्रयोग तर सोलापूरकरांना माहीत पाहिजेच, रन ऑफ द मिल. मिलमधनं जसा निघेल तसा माल, भारी कुठला हलका कुठला हे निवडायच्या आधीचा, त्यावरनं मग साधारण, नेहमीचं असा अर्थ आला. ज्यांच्या आजोबांनी जुन्या मिलमध्ये पाळ्या केल्यात त्यांना हे वेगळं समजवायला लागणार नाही.

आणि निवडणूक. आपण निवडणुकीला उभं राहतो, ब्रिटनमध्ये पण स्टँड म्हणतात, म्हणजे उभंच राहतात, पण अमेरिकेत रन म्हणतात. म्हणून अमेरिकेच्या बातम्यांत 'शी इज रनिंग' ऐकलं की लगेच पळायला लावू नका, पुढं 'फॉर मेयर', 'फॉर प्रेसिडेंट' असं काही येतंय का ते ऐका, आलं तर बाई निवडणूक लढवतायत.