पोरगी हरवली, आणि हा पत्ते खेळतोय!

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय तरुण मंडळींचा वाटेल, पण रेडिओ लगेच बंद करू नका. ज्या घरात संध्याकाळी एकाला मालिका बघायची असते आणि दुसऱ्याला त्याच टीव्हीवर गेम लावायचा असतो, त्या प्रत्येक घराचा हा विषय आहे. प्रश्न असा, की रोल-प्लेइंग गेममध्ये मोठं काय? गोष्ट मोठी की खेळ मोठा? पुन्हा विचारते, गोष्ट मोठी, की खेळ?

रोल-प्लेइंग गेम म्हणजे काय, ते दोन वाक्यांत सांगते. तुम्ही एक पात्र घ्यायचं आणि ते हळूहळू वाढवायचं. ताकद वाढते, हत्यारं येतात, अंगी विद्या येतात. वाटेत माणसं भेटतात, कामं सांगतात, आणि कुणाचं ऐकायचं ते तुम्ही ठरवायचं.

याचं मूळ संगणकावरचं नाही बरं का. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ आणला. टेबलाभोवती बसायचं. एकाने प्रसंग सांगायचा, बाकीच्यांनी आपापल्या पात्राचं बोलायचं, आणि केलेलं जमलं की फसलं ते फासे टाकून ठरवायचं. सिंधुदुर्गातून इकडे आलेल्या श्रोत्यांना हे ऐकून दशावतार आठवला असेल. तिथेही आख्यान ठरलेलं, पण संवाद लिहिलेले नसतात. नट उभ्याउभ्या बोलतो, समोरचा तसंच उत्तर देतो. फासे तेवढे नसतात.

मग हा खेळ संगणकावर गेला आणि वाटण्या झाल्या. फाशांचा हिशेब संगणकाला सोपा. पण प्रसंग सांगणारा तो माणूस, तो कुठून आणायचा? म्हणून सुरुवातीच्या कितीतरी गेममध्ये हिशेबच जास्त. १९८० चा 'रोग' घ्या. त्यात नायक म्हणजे पडद्यावरचं एक चिन्ह, ईमेलच्या पत्त्यात असतं ना गोल शेपटीचं, ते. राक्षस म्हणजे इंग्रजी अक्षरं. भुयार दर वेळी नवं. गोष्ट एवढीच, की तळाशी एक ताईत आहे, तो घेऊन वर या. लोक वेड्यासारखे खेळले! पुढे १९८६ मध्ये जपानमध्ये युजी होरी यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' आला, आणि मग गोष्टही अंगाने भरत गेली.

इतिहास इथे पुरे. मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे.

माझी आई वाशीला भावाकडे राहते. सिडकोची जुनी इमारत, हॉल एवढासा, त्यात दिवाण, टीव्ही आणि भाच्याचं ते गेमचं यंत्र. मी राहते नौपाड्यात. सुट्टी आली की ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडते आणि वाशी गाठते. या गाडीत मोबाइल मोठ्याने लावून बसणाऱ्यांसाठी वेगळा डबा जोडावा, असं माझं फार जुनं मत आहे. असो.

तर मे महिना होता. आई खाली बसून मोड आलेले वाल सोलत होती. भाचा दिवाणावर, हातात कंट्रोलर. लावला होता 'द विचर ३'. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा, २०१५ चा गेम. हा अठरा वर्षांवरच्यांचा खेळ आहे. आमचा भाचा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता, म्हणून ठीक. लहान पोरांना देऊ नका. डब्यावर वय छापलेलं असतं, ते वाचायला दुकानदार येणार नाही.

त्यातला नायक गेराल्ट. पांढऱ्या केसांचा, पैसे घेऊन राक्षस मारणारा. त्याची मानलेली मुलगी सिरी, तिच्या मागे भयंकर लोक लागलेत आणि ती कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. तिला शोधत हा गावोगाव फिरतोय. आईला एवढं कळलं आणि ती टीव्हीकडे तोंड करून बसली. "पुढे काय झालं रे?" म्हणून विचारायला लागली.

पुढे झालं असं, की गेराल्ट एका खाणावळीत शिरला, तिथल्या एका व्यापाऱ्यासमोर बसला आणि पत्ते खेळायला लागला.

या गेममध्ये पत्त्यांचा एक खेळ आहे, ग्वेंट नावाचा. जो भेटेल त्याच्याशी खेळायचा, जिंकलात की नवीन पान मिळतं. आमच्या भाच्याला पानं गोळा करायची होती. एक डाव झाला, दुसरा झाला, तो उठून पुढच्या गावात गेला, तिथल्या लोहाराशी खेळला. आई वाल सोलता सोलता बघतेय. शेवटी तिने हातातला वाल ताटात टाकला आणि गावच्या भाषेत म्हणाली, "चेडू हरावलां, आणि ह्यो मेलो पत्ते कुटता!"

भाऊ आतल्या खोलीतून हसत बाहेर आला. भाचा म्हणाला, "अगं आजी, सिरी कुठे जात नाही. मी जाईपर्यंत ती थांबते."

"थांबते? तिच्या मागे माणसं लागलीत ना?"

"हो, पण तीपण थांबतात."

श्रोतेहो, या खेळांवर लिहिणारे लोक पानंच्या पानं खर्च करून जे सांगतात, ते आईने एका ओळीत पकडलं. गोष्ट म्हणते घाई कर; खेळ म्हणतो, बस जरा, एक डाव टाकू.

मग गोष्टीत एक जहागीरदार आला. त्याला 'ब्लडी बॅरन' म्हणतात. सिरीचा ठावठिकाणा त्याला माहीत, पण त्याची अट अशी, की आधी माझी बायको आणि मुलगी शोधून द्या, त्या घर सोडून गेल्यात. का गेल्या? तर हा दारू पिऊन बायकोवर हात टाकतो. हे कळल्यावर आईने त्याचं नाव टाकलं. पण आमचा भाचा त्याच बॅरनसमोर बसून पत्त्यांचा डाव मांडतो! आई उठून स्वयंपाकघरात गेली. म्हणाली, असल्या माणसाबरोबर मी बसणार नाही. जणू तिला कुणी बोलावलं होतं.

पण गंमत पुढेच आहे. दोन दिवसांनी बघते तर आई ग्वेंट शिकलेली. मेंढीकोटात तिचा हात धरणारा आमच्या वाडीत कुणी नव्हता, तिला किती वेळ लागणार? त्यात सुरुवातीला दहा पानं हातात येतात, खेळ चालू असताना मध्येच नवीन पान क्वचितच हाती येतं, आणि तीन डावांपैकी दोन जिंकायचे असतात. म्हणजे पहिल्या डावातच सगळी ताकद घातलीत तर मेलात. आई मागून सांगायची, "हा डाव सोड. त्याला जिंकू दे. त्याची पानं संपतील." भाचा डाव सोडायचा आणि पुढचे दोन घ्यायचा. चेडू हरवलेलं होतं ते होतंच. दोघं पत्ते खेळत होते.

आणि मग ती रात्र आली, ज्यासाठी मी ही सगळी गोष्ट सांगतेय.

बॅरनच्या बायकोचा गर्भ गेलेला असतो. त्या जिवाला यांनी नाव दिलं नाही, काही विधी केला नाही, तसंच पुरलं. त्याचं पिशाच्च झालंय. गेराल्ट त्याला मारूही शकतो. किंवा दुसरा मार्ग असा, की बापाने त्याला हातात घ्यायचं, रात्रीच्या पावसापाण्यात घराच्या उंबऱ्यापर्यंत न्यायचं, तिथे त्याला नाव द्यायचं आणि उंबऱ्याखाली पुरायचं, म्हणजे ते शांत होतं. भाच्याने हा दुसरा मार्ग घेतला.

आता इथे नीट लक्ष द्या. हा प्रसंग नुसता दाखवला असता तरी चालला असता. पण तसं नाही केलेलं. बॅरन ते मूल घेऊन चालतो आणि खेळणाऱ्याने त्याच्याबरोबर चालायचं. मध्येच भुतं येतात, त्यांच्याशी लढायचं. लढता लढता एक डोळा त्या मुलावर, कारण ते बापाच्या हातात चवताळायला लागतं. तसं झालं की गेराल्टने एक मंत्र टाकून त्याला शांत करायचं. मंत्रासाठी दम लागतो, तो लढण्यात खर्च झालेला असेल तर वाट बघा. सगळं मिळून असेल काही मिनिटांचं अंतर. भाचा दिवाणाच्या कडेवर आला होता. आईचा वाल बोटांतच.

"बारसं नाही झालं त्याचं," आई म्हणाली. "म्हणून फिरतंय ते."

उंबरा आला. बॅरनने नाव घेतलं, डेआ. मुलगी म्हणून तिला जवळ केलं. आईने पदर डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात शेजारच्या काकूंना आई हे सगळं सांगत होती. नाव डेआ, आई कशी, बाप कसा, अगदी आमच्याच सेक्टरमध्ये घडल्यासारखं. मी चहा घेताना भाच्याला विचारलं, काय रे, काल त्या मुलीचं नाव काय ठेवलं? तो म्हणाला, "नाव? काहीतरी होतं. पण आत्या, शेवटी ती चवताळली ना, तेव्हा माझा दम भरलाच नव्हता. वाटलं, गेलं सगळं."

आईला नाव आठवत होतं. भाच्याला वाट आठवत होती. पुन्हा सांगते. जी शेजारी बसली होती तिला नाव आठवत होतं, आणि ज्याच्या हातात कंट्रोलर होता त्याला वाट आठवत होती.

म्हणून माझं मत विचाराल तर मी खेळाच्या बाजूची आहे. गोष्ट शेजारी बसणाऱ्यालाही मिळते, तिला बटण दाबावं लागत नाही. गोष्ट आपल्याला नाटकात मिळते, कादंबरीत मिळते. मालिकांत मिळायची, हल्ली तिथे एकच चेहरा तीन वेळा जवळून दाखवतात. पण ते मूल उंबऱ्यापर्यंत सांभाळून न्यायचं काम मात्र खेळच देतो. ते जर खेळणाऱ्याकडून करून घेतलं नाही, तर मग हातात कंट्रोलर कशाला?

आईला हे मत मान्य नाही. लोकांना ते पत्ते इतके आवडले, की त्याच कंपनीने २०१८ मध्ये ग्वेंटचा स्वतंत्र गेम काढला. भाच्याने हौसेने आईला तो लावून दिला. थोडा वेळ खेळली आणि ठेवून दिला. म्हणे, "समोर कोण बसलाय तेच कळत नाही. बॅरन होता तेव्हा हरवायला मजा होती." यावर माझ्याकडे अजून धड उत्तर नाही.

बाकी उदाहरणं भराभर सांगते, वेळ थोडा उरलाय. १९९७ चा 'फायनल फँटसी सात'. त्यात एरिथ नावाची मुलगी मध्येच मारली जाते, आणि जगभरची पोरं रडली. गोष्टीमुळे रडली, हे खरंच. पण ती तुमच्या तुकडीतली, जखमा भरून काढणारी. तिला तुम्ही वाढवलेलं असतं. पुढच्या लढाईला तुकडी निवडताना ती नसते, तो धक्का खेळातला आहे.

उलट बाजूला १९९९ चा 'प्लेनस्केप टॉर्मेंट'. वाचायला इतका मजकूर की कादंबऱ्या मागे पडाव्यात, आणि लढाई अगदी सुमार. तरी लोक आजही त्याचं नाव काढतात. म्हणजे माझ्या मताला हा चांगलाच छेद देतो. पण त्यातही बोलताना काय बोलायचं ते तुम्हीच निवडता, आणि बोलणं हाच तिथला खेळ आहे, असं मी म्हणते. २०१९ च्या 'डिस्को एलिझियम'ने तर लढाईच काढून टाकली. नायक एक दारुडा पोलीस. सगळं बोलण्यावर आणि फाशांवर. सुरुवातीला पंख्याला टाय अडकलेला असतो. अंगात दम नसलेलं पात्र घेतलंत आणि फासे वाईट पडले, तर तो टाय काढतानाच हृदयविकाराने खेळ खलास! आणि २०११ च्या 'डार्क सोल्स'मध्ये गोष्ट कुणी सांगतच नाही. अंगठी मिळते, तलवार मिळते, तिच्याखाली दोन ओळी लिहिलेल्या असतात. वाचणारा वाचतो, बाकीचे मरत राहतात.

जाता जाता एक. फोनवर जे फुकटचे गेम येतात, दर पाच मिनिटांनी हिरे विकत घ्या म्हणतात, त्यांना मी ना गोष्ट मानते ना खेळ. ती वसुली आहे. आणि पुण्याच्या मुलांनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा गेम काढला, भावाला शोधणाऱ्या बहिणीचा. तो रोल-प्लेइंग नाही, उड्या आणि मारामारीचा आहे, पण सुंदर दिसतो. सुट्टीत मुलांबरोबर बसून बघा.

आमच्या आईने सध्या भाच्याला बॅरनचं पुढे काय झालं ते दुसऱ्या मार्गाने खेळून दाखवायला सांगितलंय. त्या गोष्टीत निवड बदलली की शेवट बदलतो. एका मार्गाने काही अनाथ मुलं वाचतात, दुसऱ्याने बॅरनची बायको. आईला दोन्ही वाचवायचे आहेत. भाचा सांगून थकला, की तसं होत नाही. ती म्हणते, तू नीट खेळत नाहीस.

नमस्कार.